प्रश्न कुणाचा, अहवाल कुणाचा?

‘विद्यापीठ आणि समाज’ या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देते आहे. माझी सगळी नोकरी एका विद्यापीठाच्या विस्तार विभागात, म्हणजे विद्यापीठाचं काम बाहेरच्या लोकांपर्यंत नेणाऱ्या विभागात झाली, त्यामुळे मी विद्यापीठाचीच तळी उचलणार असं ज्यांना वाटतं त्यांनी थेट दुसऱ्या प्रश्नावर जावं. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सहायक प्राध्यापक आहे. आमच्या विभागाने एका स्वयंसेवी संस्थेबरोबर सामंजस्य करार केला. सह्या झाल्या, फोटो निघाले, बातमीही आली. वर्ष उलटलं तरी काम काहीच नाही. आता विभागप्रमुखांनी ते लोढणं माझ्या गळ्यात अडकवलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : करार कपाटात ठेवा आणि काही दिवस विसरून जा. कुणी काय करायचं, हे अशा करारात सहसा लिहिलेलंच नसतं. ‘परस्पर सहकार्याने विविध उपक्रम राबवणे’ या एका ओळीवर सगळं भागवलेलं असतं. त्या ओळीवर काम उभं राहिलं नाही, यात तुमचा दोष नाही.

संस्थेच्या कार्यालयात एकटे जा आणि प्रस्ताव बरोबर नेऊ नका. ‘आम्ही तुमच्यासाठी काय करू?’ असंही विचारू नका. त्यावर लोक भिडेखातर ‘एखादं शिबिर घ्या’ म्हणतात, आणि शिबिर घेतलं की दोघेही सुटतात. वेगळं विचारा. गेल्या वर्षात कुठलं काम निव्वळ माहिती नाही म्हणून अडलं? कुठला अर्ज पुरावा नाही म्हणून परत आला? कुठल्या साहेबाने ‘आकडे घेऊन या’ म्हणत वाटेला लावलं? यातून जे निघेल ते बहुधा विद्यापीठाला जमण्यासारखं असतं. ते तुमच्या विषयातलं असेलच असं नाही. समाजशास्त्राच्या दारात पाण्याचा प्रश्न येतो, रसायनशास्त्राच्या दारात भाडेकराराचा. अशा वेळी दुसऱ्या विभागातला माणूस गाठून देणं हेच तुमचं काम. ते कमी प्रतीचं समजू नका.

नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी १९७० च्या दशकात यासाठी चक्क एक खिडकी उघडली. तिला ते विज्ञानाचं दुकान म्हणतात. रहिवासी संघ, कामगार संघटना, पर्यावरणवाले गट प्रश्न घेऊन येतात. दुकानातली माणसं तो प्रश्न संशोधन होण्याजोगा करून घेतात, आणि बरेचदा पदवीच्या शेवटच्या टप्प्यातला एखादा विद्यार्थी प्राध्यापकाच्या देखरेखीखाली त्यावर काम करतो. सुरुवातीपासूनच्या अटी तीन. येणाऱ्याकडे संशोधनासाठी पैसे नसावेत, त्याचा हेतू धंद्याचा नसावा, आणि मिळालेलं उत्तर वापरण्याची त्याच्यात ताकद असावी. तिसरी अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. जो अहवाल घेऊन पुढे कुठे जायचं हे कुणालाच ठाऊक नाही, तो कितीही चांगला लिहिला तरी धूळच खाणार.

लोकांचा प्रश्न आणि विद्यापीठाची पद्धत एकत्र आली की काय घडतं, हे अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात दिसलं. खर्च वाचवायचा म्हणून एप्रिल २०१४ मध्ये शहराला फ्लिंट नदीचं पाणी द्यायला सुरुवात झाली. नळ जुने, पाणी गंजवणारं, आणि नळ गंजू नयेत म्हणून पाण्यात घालायचं द्रव्य घातलेलंच नव्हतं. पाण्याला रंग येत होता, वास येत होता, मुलांच्या अंगावर पुरळ उठत होतं. अधिकारी मात्र पाणी चांगलं असल्याचं सांगत राहिले. लीअॅन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईने पाठपुरावा सोडला नाही, आणि प्रकरण व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्स यांच्यापर्यंत पोचलं. २०१५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या चमूने नमुने घेण्याचे ३०० संच शहरात पाठवले. प्रत्येक संचात तीन बाटल्या. रात्रभर बंद असलेला नळ उघडताक्षणी पहिली भरायची, पाणी ४५ सेकंद वाहू दिल्यावर दुसरी आणि दोन मिनिटांनी तिसरी. पहिल्या बाटलीत तोटीतलं आणि घरातल्या जोडण्यांमधलं शिसं उतरतं, पुढच्या बाटल्यांत रस्त्याखालून घरात येणाऱ्या नळीतलं. सरकारी तपासणीत नळ आधीच वाहू देण्याची सूचना असायची, त्यामुळे नेमकं तेच सुटत होतं.

हे संच घरोघर पोचवणं, कशी बाटली भरायची ते समजावणं, भरलेल्या बाटल्या गोळा करून परत धाडणं, हे सगळं रहिवाशांनी केलं. अडीचशेच्या वर नमुने परत आले, आणि पाण्यात शिसं असल्याचं उघड झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराचं पाणी पुन्हा जुन्या स्रोतावर आलं. पुढचाही भाग सांगायला हवा, कारण भाषणांत तो कुणी सांगत नाही. एडवर्ड्स आणि त्यांच्या बाजूने लढलेल्या काही कार्यकर्त्यांमध्ये पुढे वितुष्ट आलं, २०१८ मध्ये एडवर्ड्स यांनी त्यातल्या काहींवर बदनामीचा दावा लावला आणि न्यायालयाने तो फेटाळला. काम यशस्वी झालं म्हणजे संबंध टिकलेच असं नसतं. पाण्याचा निकाल लागल्यावर पुढे बोलायचं कुणी आणि कुणाच्या नावाने, हे आधी ठरवून घेतलं तर निदान भांडण कशावरून होणार ते कळतं.

आता तुमच्याकडच्या बारीकसारीक गोष्टी. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवलीत तर पगारी माणसंच येतील. विद्यापीठात ठेवलीत तर फाटकावरचा सुरक्षारक्षक ओळखपत्र मागेल, आणि अर्धी माणसं तिथूनच मागे फिरतील. तुम्हीच तिकडे जा. इतिवृत्त त्यांच्यातल्या कुणाला तरी लिहू द्या. काय ठरलं याची तुमची समजूत आणि त्यांची समजूत किती वेगळी आहे, ते पहिल्याच पानावर कळेल.

आणि पैसे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात संस्थेच्या माणसाच्या वेळेसाठी वेगळी रक्कम नसेल, तर भागीदारी हा शब्द खोडून मदतनीस लिहा. मानधनाच्या पावतीवर ‘हुद्दा’ असा रकाना असतो. वस्तीतलं घरन् घर ठाऊक असलेल्या बाईचा हुद्दा काय लिहायचा, यावर माझ्या विभागात बिलं महिनोन्महिने अडली आहेत. शेवटी आमच्या लेखनिकाने ‘क्षेत्रतज्ज्ञ’ असं लिहायला सुरुवात केली आणि लेखा विभागाने ती बिनबोभाट पास केली. तुम्हीही तेच करा. ते खोटंही नाही.

प्रश्न : आमची संस्था एका वस्तीत बरीच वर्षं काम करते. दरवर्षी वेगवेगळ्या विद्यापीठांतून विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन येतात. तेच प्रश्न, तेच रकाने. अहवाल कुणीही परत आणून दाखवत नाही. आता बायका त्यांना बघून दार लावून घेतात. आम्ही नकार देऊ शकतो का? दिला तर आडमुठे ठरू का?

उत्तर : देऊ शकता. ठरलात तरी द्या. दार लावून घेणाऱ्या बायकांनी निर्णय आधीच घेतलाय, संस्थेने तो फक्त लेखी करायचा आहे.

तुम्ही काही पहिले नाही. कॅनडातल्या, स्वतःला ‘राष्ट्रं’ म्हणवणाऱ्या आदिवासी समूहांनी १९९८ मध्येच स्वतःच्या माहितीसाठी चार तत्त्वं मांडली: मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा. म्हणजे आमच्याविषयीची माहिती आमची, ती कशी वापरायची ते आम्ही ठरवणार, आम्हाला ती हवी तेव्हा बघता येणार आणि ती असणारही आमच्याकडे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांवर जगभरचे संशोधक पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास करत आले. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःची संशोधनसंहिता जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, आस्था आणि ठरलेली रीत. त्यातला प्रामाणिकपणाचा भाग अगदी साधा आहे. जे काही सांगायचं ते आम्हाला समजेल अशा भाषेत सांगा.

कागदावर सगळं ठीक असूनही काय होऊ शकतं, ते हवासुपाई लोकांना विचारा. हा अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधला छोटा समाज. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण भयंकर होतं, म्हणून १९९० पासून अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांनी मधुमेहावर उपाय निघेल या आशेने दंड पुढे केले. संमतीपत्रातले शब्द मात्र ऐसपैस होते, ‘वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांची कारणं’ अशा धर्तीचे. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा, नात्यातल्या नात्यातल्या लग्नांचा आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचा अभ्यास झाला. शेवटची गोष्ट तर थेट त्यांच्या श्रद्धेवर घाला घालणारी, कारण आपण त्याच भूमीतून जन्मलो असं ते मानतात. २००३ मध्ये त्यांच्यातलीच एक तरुणी विद्यापीठात एका प्रबंधावरच्या व्याख्यानाला बसली होती. तिथे तिला हे कळलं, आणि तिने उभं राहून परवानगीविषयी विचारलं. खटला झाला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि रक्ताचे नमुने परत केले. माणसं ते नमुने स्वतः घ्यायला गेली.

विद्यापीठांत नैतिकता समित्या असतात, नाही असं नाही. पण त्या एकेका माणसाची सही तपासतात. संपूर्ण वस्तीची बदनामी होईल का, तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला जातोय का, हे बघायला त्यांच्याकडे रकाना नसतो. म्हणून तुमच्याकडे असावा.

एका पानाचा कागद करा. येणाऱ्याने पहिल्यांदा यापूर्वीचे अहवाल वाचलेत का ते सांगावं, आणि वाचले नसतील तर परत जाऊन वाचून यावं. घरोघर जाताना आमची एक व्यक्ती बरोबर असेल आणि तिच्या वेळेचे पैसे विद्यापीठ देईल. नावं काढून टाकलेली माहिती आम्हाला मिळेल. अहवाल छापायच्या आधी वस्तीत वाचून दाखवला जाईल आणि कुणाची हरकत असेल तर ती अहवालातच नोंदवली जाईल. हरकत नोंदवायची, निष्कर्ष बदलायचा नाही. एवढं पथ्य तुम्हीही पाळा, नाहीतर संशोधनाला अर्थ उरत नाही. आणि विद्यार्थी घाबरून पळेल असा कागद करू नका. ती बिचारी मुलं मार्गदर्शकाने पाठवलेली असतात. कागद मार्गदर्शकाच्या सहीसाठी आहे.

प्रश्न : विद्यापीठाने शिकवावं आणि संशोधन करावं. समाजसेवा करायला इतर संस्था आहेत. ही सगळी नवी फॅशन नाही का? (एक निवृत्त प्राध्यापक)

उत्तर : सर, फॅशन असेल तर दीडशे वर्षं जुनी आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्ट यांनी १८६७ मध्ये उत्तरेकडच्या शहरांत स्त्रियांसाठी व्याख्यानं दिली, मग रेल्वे कामगारांसाठी, आणि १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने हे बाहेर जाऊन शिकवणं अधिकृतपणे स्वीकारलं. स्त्रियांना बाहेर जाऊन शिकवणाऱ्या त्याच केंब्रिजने त्यांना आतून पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. विस्तार विभागाकडे बघताना मला हा मधला काळ नेहमी आठवतो. बाहेर उदार व्हायला फारसं काही लागत नाही.

संशोधन वेगळं आणि लोकोपयोग वेगळा, ही वाटणी मला पटत नाही. स्टीफन बॅबकॉक यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा दुग्धालयात दुधाचे पैसे वजनावर मिळत. त्यामुळे पाणी घालणारा फायद्यात आणि सकस दूध देणारा तोट्यात. फॅट मोजायची पद्धत प्रयोगशाळेत होती, पण ती वेळखाऊ आणि तज्ज्ञाच्या हातची. बॅबकॉक यांनी १८९० मध्ये उपाय काढला. लांब, खुणा केलेल्या मानेच्या बाटलीत १८ ग्रॅम दूध घ्यायचं, त्यात तीव्र गंधकाम्ल घालायचं. ते फॅट सोडून बाकी सगळं विरघळवतं. मग बाटली यंत्रात गरगर फिरवायची, गरम पाणी घालून फॅट मानेत चढवायचं आणि खुणेवरून टक्केवारी वाचायची. दुग्धालयातला कुणीही माणूस करू शकेल असं काम. बॅबकॉक यांनी पेटंट घेतलं नाही. आता हे शिकवणं, संशोधन की समाजसेवा, हे तुम्हीच ठरवा. मला तिन्हींच्या मधली भिंत दिसत नाही.

तुमच्या शंकेत तथ्य आहे ते दुसऱ्याच ठिकाणी. ‘लोकहित’ म्हणताना लोक म्हणजे कोण, हे विद्यापीठं सोयीने ठरवतात. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठांनी शेतकऱ्यांच्या बांधावर जाण्याची परंपरा घातली, त्यांना १८६२ च्या मॉरिल कायद्याने जमिनी मिळाल्या. त्या विकून त्यांचा निधी उभा राहिला. त्यातली सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन जवळजवळ २५० मूलनिवासी समूहांकडून घेतलेली होती, हे २०२० मध्ये एका पत्रकारी शोधातून नोंदीनिशी पुढे आलं. एकाच्या हिताची किंमत दुसऱ्याने मोजली होती. फॅशन म्हणून नाक मुरडण्यापेक्षा हा हिशेब मागा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

प्रश्न : आम्हाला पदवीसाठी समाजसेवेचे ठरावीक तास भरावेच लागतात. खरं सांगायचं तर आम्ही भिंती रंगवतो आणि सेल्फी काढतो. याने कुणाचं भलं होतं?

उत्तर : रंगाच्या दुकानदाराचं. तुझा प्रामाणिकपणा आवडला.

सक्तीची सेवा मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. मेक्सिकोत पदवीसाठी किमान ४८० तासांची समाजसेवा सक्तीची आहे, आणि वैद्यकीय विद्यार्थी तर वर्षभर बहुतकरून ग्रामीण भागात काम करतात. कित्येक गावांत दवाखान्यातला डॉक्टर म्हणजे तोच. तिथेही तक्रारी आहेत. अनुभव नसलेल्या मुलांना एकटं टाकलं जातं, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पण निदान तो माणूस रोज तिथे असतो आणि त्याच्या हातात एक नेमकं काम असतं. भारतात राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिच्यातही जिथे एकाच गावात वर्षानुवर्षं काम झालं तिथली कामं दाखवता येतात.

गोची तासांत आहे. आठवड्याला दोन तास येणाऱ्या मुलासाठी संस्थेतल्या ताई आपलं काम बाजूला ठेवून बसतात, त्याला सगळं पहिल्यापासून समजावतात. तो रुळतो तोवर परीक्षा येते, मग सुट्टी, मग नवीन बॅच. ताई पुन्हा पहिल्यापासून. संस्था हे बोलून दाखवत नाहीत, कारण विद्यापीठाला दुखवायचं नसतं. माझा अंदाज असा, की अनेक संस्था विद्यार्थ्यांकडून जेवढं घेतात त्याहून जास्त त्यांना देतात.

तुझ्या हातात काय आहे? तुझ्या वर्गातल्या सगळ्यांचे तास एकाच संस्थेच्या एकाच कामात घालायची परवानगी माग. पुढच्या बॅचसाठी वही ठेव: कुठली घरं झाली, कुणाशी बोलायचं, काय करून फसलं. कामही संस्थेला विचारून निवड. कधी कधी त्यांना पाच वर्षांच्या पावत्या लावून हव्या असतात. त्यात सेल्फी येत नाही. तरी तेच कर.

प्रश्न : मी अनेक वर्षं लोकांबरोबर संशोधन करते आहे. बढतीच्या मुलाखतीत ‘हे ठीक आहे, पण शोधनिबंध किती?’ एवढंच विचारलं गेलं. हे काम मोजलं कसं जाईल?

उत्तर : पहिली गोष्ट, तुमचा राग रास्त आहे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच मांडलं होतं की विद्वत्ता म्हणजे केवळ नवा शोध लावणं नाही. वेगवेगळ्या ज्ञानाची सांगड घालणं, ते वापरात आणणं आणि शिकवणं हीसुद्धा विद्वत्ताच. अमेरिकेत २००६ पासून शिक्षणक्षेत्रातल्या कार्नेगी संस्थेच्या नावाने समाजसहभागाचं एक ऐच्छिक वर्गीकरणही चालतं. त्यात विद्यापीठाला द्यावी लागणारी माहिती गमतीची आहे. बढतीच्या नियमांत अशा कामाला जागा आहे का, हे त्यात विचारतात, आणि बरीच विद्यापीठं तिथेच अडखळतात. बाहेर फलक लावायला सगळे तयार. आतले नियम बदलायचे म्हटलं की सगळ्यांची बोटं तोंडात.

नियम बदलेपर्यंत तुम्ही कागद जमवा. ‘जनजागृती केली’ असं कुठेही लिहू नका, ते वाचून परीक्षक पान उलटतो. तुमच्या मोजणीमुळे कुठला आदेश बदलला, त्या आदेशाची प्रत लावा. संस्थेचं पत्र लावा, पण आभाराचं नको. कामात तुमची भूमिका काय होती, पद्धत का निवडली आणि निकाल कुठे वापरला, हे त्यांनी दोन परिच्छेदांत लिहावं. बाहेरच्या परीक्षकांत लोकांबरोबर काम केलेला निदान एक असावा, ही मागणी अर्ज करतानाच लेखी करा. नंतर केली तर ती रडगाणं ठरते. आणि शोधनिबंध लिहाच. वस्तीतल्या सहकाऱ्याचं नाव सहलेखक म्हणून घाला. एखाद्या नियतकालिकाने हरकत घेतली, तर त्या हरकतीचं पत्रही जपून ठेवा.

प्रश्न : आमचं घर विद्यापीठाच्या कुंपणाला लागून आहे. त्यांचे ‘सामाजिक उपक्रम’ दूरच्या गावांत चालतात. आमच्या वाट्याला गाड्यांची गर्दी आणि वाढलेली भाडी. शेजारी म्हणून आम्ही काय मागू शकतो?

उत्तर : फार नेमकं बोट ठेवलंत. कुंपणापलीकडचा शेजारी विद्यापीठाला अवघड जातो, कारण त्याला सगळं दिसत असतं.

फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची गोष्ट या बाबतीत दोन्ही बाजूंनी शिकवते. १९६० च्या दशकात तिथल्या शिक्षणसंस्थांच्या विस्तारासाठी ‘ब्लॅक बॉटम’ नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली. तीस वर्षांनी त्याच विद्यापीठाने शेजारच्या शाळांबरोबर अभ्यासक्रम जोडणारं केंद्र १९९२ मध्ये काढलं, परिसरातल्या दुकानांकडून खरेदी वाढवली, स्थानिकांना नोकऱ्या दिल्या. २००१ मध्ये शहराच्या साहाय्याने एक सरकारी शाळा उघडली आणि तिला दर विद्यार्थ्यामागे अनुदान दिलं. शाळा उत्तम चालली. इतकी, की तिच्या हद्दीतल्या घरांच्या किमती चढल्या आणि जुन्या भाडेकरूंना तिथे राहणं परवडेना. चांगलं काम करूनही शेजारी हलला.

त्यामुळे उपक्रम मागू नका. विद्यापीठ हे आधी एक मोठं गिऱ्हाईक, मोठा मालक आणि मोठा जमीनदार आहे, मग समाजसेवक. सफाईचं, खानावळीचं, बागेचं कंत्राट कुणाला जातं आणि त्यात स्थानिक माणसं किती, हे विचारा. वाचनालय आणि मैदान ठरावीक वेळी शेजाऱ्यांना खुलं करा म्हणा. नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीला जाण्याआधी रहिवाशांसमोर ठेवा, आणि वसतिगृहं पुरेशी बांधा, असंही त्यांना सांगा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मागणीने तुमची भाडी चढणार नाहीत. या मागण्यांसाठी विस्तार विभागात जाऊ नका. आम्ही तुम्हाला चहा पाजून पाठवू. कुलसचिव आणि वित्त अधिकारी, ही दोन दारं.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाचे यंदा शंभर करार झाले. ही प्रगती म्हणायची ना? (एक अधिकारी)

उत्तर : त्यातल्या किती करारांत समोरच्या पक्षाने एखादं कलम बदलून घेतलं, ते मोजून कळवा. मग बोलू.

प्रश्न : आमच्या प्रकल्पाचं अनुदान पुढच्या वर्षी संपतंय. नवं मिळेल असं दिसत नाही. वस्तीतल्या सहकाऱ्यांना कसं सांगू?

उत्तर : आजच सांगा. एक वर्ष हातात असताना सांगितलं तर ती अडचण असते, शेवटच्या महिन्यात सांगितलं तर फसवणूक. लोकांना बहुधा अंदाज असतोच. त्यांना राग येतो तो आपल्याला शेवटी कळवलं याचा.

उरलेल्या वर्षात नवीन काही सुरू करू नका, भले परीक्षकांना ते आवडो न आवडो. चालू कामातलं काय त्यांना स्वतः चालवायचं आहे आणि काय बंद पडलं तरी चालेल, हे त्यांनाच ठरवू द्या. तुम्हाला सगळ्यात लाडकं असलेलं काम ते बंद करायला सांगतील, याची तयारी ठेवा. मोजमापाची उपकरणं प्रकल्पाच्या पैशातून घेतली असतील तर ती विद्यापीठाच्या जडवस्तू नोंदवहीत चढलेली असणार. ती संस्थेच्या नावे करायला कुलसचिवांची मंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात टाका. नोंदी साध्या तक्त्यांत उतरवून द्या, तुमच्या विभागाच्या संगणकावरच्या महागड्या प्रणालीत त्या त्यांना उघडता येणार नाहीत. वस्तीतल्या ज्यांनी काम केलं त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र द्या. त्यावर कामाचं नेमकं वर्णन आणि कालावधी लिहा, कारण त्यावर त्यांना पुढची नोकरी मिळवायची असते. तुमचा फोन क्रमांक बदलणार असेल तर नवा कळवा. अनुदान संपल्यावरही फोन येतील, आणि ते उचलायचे असतात.